जाड झालेल्या ओळी

पोंभुर्णा,
१४ नोव्हेंबर

प्रिय अमर,

“हात चुकला त मेनू बंदच झाला पायजे, रंजीता. नाई त मानूस शिकन कसा?” हे तू मला एकवीस वर्षांपूर्वी म्हणाला होतास, चंद्रपूरला, कॉलेजच्या लॅबमध्ये, मागच्या बाकावर बसून. कॉलेज संपून दोन वर्षं झाली होती. मी तिथंच लॅब सांभाळायला राहिले होते आणि तू नोकरी लागेपर्यंत रोज घुग्घुसहून मोटरसायकलनं यायचास. तुझ्या कॉलरच्या आतल्या बाजूला कोळशाच्या धुळीची काळी रेघ असायची आणि तुला ती कधी दिसायची नाही. तू ते वाक्य रागानं बोलला नव्हतास. चहा पिता पिता, अगदी सहज बोललास, आणि मीही हसून मान हलवली. मी तेव्हा मान हलवली नसती तर पुढं काय झालं असतं, याचा विचार मी हल्ली करते. वय झालं की माणूस असले निरुपयोगी विचार करायला लागतो.

तुला माझं पत्र पाहून नवल वाटलं असेल. गेली सहा वर्षं मी तुला जे काही लिहिलं ते आपल्या प्रोग्रामच्या मेलिंग लिस्टवर, सगळ्यांच्या देखत, आणि ‘नमस्कार’नं सुरुवात करून. तूही तिथंच उत्तरं दिलीस. आधी चार ओळींची, मग दोन ओळींची, आणि गेल्या वर्षीचं शेवटचं उत्तर तर एका शब्दाचं होतं, “नको.” ते वाचून मी फारशी दुखावले नाही. तू थकला असशील असं वाटलं. मी स्वतः इतकी थकले होते की दुसऱ्याचा थकवा मला लगेच ओळखू येत होता.

इथलं सांगते. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. शेत ठोक्यानं, ठरल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला दिलं आहे, धान कापणीला आलं आहे, बांध्यांमध्ये अजून थोडा ओलावा आहे. मी लग्न केलं नाही. ते तुझ्यामुळे नव्हे, तशी समजूत करून घेऊ नकोस. बाबा अंथरुणावर असताना वर्षं कशी गेली ते कळलं नाही, आणि मग सवयच झाली. तू बंगलोरहून विचारलं होतंस, दिवाळीपर्यंत येतेस की नाही, आणि मी म्हटलं होतं, थोडं थांब. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. आज मी तो विषय काढण्यासाठी लिहीत नाही. पण एवढं लांब पत्र लिहायचं आणि तो अजिबात काढायचा नाही, हेही जमलं नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे, पण ते लिस्टवरच्या भाषेत ठाऊक आहे. ‘आठ केंद्रं, बत्तीस जुनी मशीन, नवशिके वापरकर्ते.’ खरं काम असं आहे: आठ गावांच्या ग्रामसभांनी ठरवलं की आपल्या तलावात, नाल्यात, जंगलात काय काय जगतं याची नोंदवही आपणच करायची. आधी ती कागदावर केली आणि टाइप करायला चंद्रपूरला पाठवली. आमच्या तलावातल्या वीस-बावीस माशांची नावं लिहून दिली होती. परत आली तेव्हा सहा मोठ्या माशांची नावं छापलेली होती आणि खाली एकच ओळ, ‘इतर लहान मासे’. टाइप करणाऱ्याचा दोष नव्हता. त्यानं ती नावं कधी ऐकलीच नव्हती. पण आमच्या गावच्या देवकाबाईंनी तो कागद हातात घेऊन ओळ न् ओळ वाचली. मग म्हणाल्या, “दाडक गेली, शिंगूर गेला, वांब गेली. आमचा तलाव त याहीनं आटवूनच टाकला.” त्या दिवशी ठरलं की नोंद तीच बाई करेल जी ती मासोळी ओळखते. जिल्ह्याच्या कार्यालयानं कचऱ्यात काढलेली जुनी मशीन मिळाली. इतक्या जुन्या मशीनवर चालेल असं एकच काही मला माहीत होतं.

ते म्हणजे आपली ‘ओसरी’. कसं हसला होतास नाव सुचवलं तेव्हा! खिडक्या उघडायच्या, मिटायच्या, कुठली कुठं मांडायची एवढंच काम करणारा प्रोग्राम, आणि पडद्याच्या मोकळ्या जागी माउसचं उजवं बटण दाबलं की येणारा मेनू. बाकी काही नाही. दोन हजार ओळी, एका बैठकीत वाचून होतील एवढ्या. खिडक्या तू लिहिल्यास. मेनू मी पुठ्ठ्याचे तुकडे कापून केला होता, आठवतं? कॅन्टीनच्या मावशींना बोटानं दाखवायला लावायची, कुठं जाल म्हणून. तू म्हणायचास, “तू प्रोग्राम लिहून राह्यली का भातुकली खेळून राह्यली?” मग माझ्या पुठ्ठ्यांवरून तू कोड लिहिलास आणि जाताना तो तुझ्याबरोबर गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तू तो वीस वर्षं सांभाळलास. एकही पैसा न घेता, नोकरी करून, जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांच्या शिव्या खात. मी त्याला चार वर्षंसुद्धा सांभाळू शकले नसते, तेव्हा.

देवकाबाई म्हणजे कोण, ते लिस्टवर कधी लिहिता आलं नाही. तिथं त्या ‘एक वापरकर्ती’ होत्या. वय पासष्टच्या आसपास. धीवरांच्या घरच्या. नवरा, इस्तारी, जाळं टाकायचा. तो गेल्यावर त्या स्वतः तलावात उतरायला लागल्या. सही करता येते, वाचता येतं, हळू. पण माशाचं नुसतं शेपूट दाखवलं तरी तो कुठल्या पाण्यातला ते सांगतात. पहिल्या दिवशी माउस हातात घेऊन मला म्हणाल्या, “याले दाना टाकाव लागते का?” मंगली त्यांच्या शेजारी बसायची. ती म्हणाली, “काकू, ते दाबल्यावर चावत नाई, तुमीच त्याले चावून राह्यल्या.” असं त्यांचं चालायचं. शिकायची भीती त्यांना नव्हती. भीती मला होती.

कारण मेनू त्यांच्या हातात टिकायचा नाही. ‘नोंदी’वर बाण नेला की शेजारी दुसरा मेनू उघडतो: जंगल, तलाव, शेती. ‘तलाव’वर गेलं की तिसरा: मासे, झिंगे, पाणवनस्पती. ‘मासे’वर गेलं की चौथा, त्यात आतापर्यंत नोंदलेले सगळे मासे ओळीनं, आणि अगदी तळाशी ‘नवीन मासा’. एका मेनूतून दुसऱ्यात जाताना बाण त्याच ओळीवरून सरळ आडवा न्यावा लागतो. जरा खाली घसरला की बाण खालच्या ओळीवर जातो आणि उघडलेलं पान मिटतं. देवकाबाईंचं ते दर वेळी मिटायचं. दर वेळी, अमर. त्या पुन्हा पहिल्यापासून. “हे त वांबेपेक्षा चपळ हाय,” म्हणायच्या, आणि पदरानं हात पुसून पुन्हा धरायच्या.

मी समजले की हात थरथरतो, वय झालं. म्हणून मी मेनू मिटण्याआधीचा वेळ वाढवला. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाचा पुरता सेकंद केला. त्यानं आणखी घोळ झाला. मेनूवर मेनू साचून राहिले. मग ओळी जाड करून पाहिल्या. मग त्यांना शिकवलं, सरळ चला, डावीउजवीकडे पाहू नका. महिनाभर मी एका हुशार बाईला रेघेवरून चालायला शिकवत होते, जसं एखाद्या लहान मुलीला शिकवावं. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मग मे महिन्यात तलावाचं पाणी उतरलं. तू शहरासारख्या गावचा, तुला माहीत नसेल. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याएवढं झालं की एक दिवस ठरवून अख्खं गाव तलावात उतरतं आणि हातानं मासे धरतं. मीही गेले. देवकाबाई माझ्यापुढं चार हातांवर होत्या. मी पाहिलं की मासोळी दिसली तरी त्या तिच्याकडे हात सरळ नेत नाहीत. हात आधी खाली बुडतो, चिखलाजवळून वळसा घेतो आणि शेपटीकडून वर येतो. प्रत्येक वेळी. मी विचारलं, सरळ का नाही? त्या माझ्याकडे अशा पाहायला लागल्या जणू मी विचारलं, भात तोंडानंच का खायचा. “सरळ हात टाकला त हाती येते का ते? पाणी हाललं की समजते तिले. खालतून जावं लागते, बाई.”

मी तशीच ओल्या कपड्यांनी केंद्रावर गेले आणि त्यांचा बाण कसा चालतो याची नोंद काढून पाहिली. तंतोतंत तेच. ‘तलाव’वरून त्या आधी खाली उतरायच्या, मग उजवीकडे वळायच्या आणि हव्या त्या शब्दावर खालून यायच्या. हात थरथरत नव्हता. पन्नास वर्षं जे शिकला होता ते अचूक करत होता. मंगलीचाही हात तसाच, बाकीच्या धीवरांच्या बायांचाही तसाच. धान लावणाऱ्या बाया मात्र आडव्या जायच्या, त्यांना त्रास कमी होता. वर्षभर हा फरक माझ्या समोर होता आणि मी वय मोजत बसले होते.

मग मी ती दुरुस्ती लिहिली, एक्केचाळीस ओळींची. बाण जोवर उघडलेल्या पानाच्या बाजूला सरकतो आहे, तोवर ते पान मिटायचं नाही. वाटेत दुसऱ्या ओळी लागल्या तरी नाही. सुरुवातीला थोडा खाली बुडाला तरी नाही. मध्येच थांबला किंवा मागं फिरला तरच समजायचं की माणसाचं मन बदललं. देवकाबाईंनी पहिल्याच प्रयत्नात चौथा मेनू गाठला आणि मंगलीकडे बघत म्हणाल्या, “आता कुठी जाशीन पळून?” ते मेनूला उद्देशून होतं. त्या उन्हाळ्यात अकरा नवे मासे नोंदले गेले, त्यांच्या आवाजातल्या माहितीसह.

मी ती दुरुस्ती तुला पाठवली, आणि वाचायला सोपं जावं म्हणून ओळी जाड कर असंही लिहिलं. तू लिहिलंस, “ओळी वाढतात. वापरणाऱ्याला शिकवा.” पुढच्या वर्षी पुन्हा पाठवली, छत्तीस ओळींत बसवून. मग एकतीस. मग तुझं “नको.” दरम्यान दर सहा महिन्यांनी ओसरीची नवी आवृत्ती निघते, ती वरून सगळ्या मशीनवर आपोआप बसते आणि माझी दुरुस्ती पुसली जाते. मग मी पुन्हा आठ गावं फिरते. पोंभुर्ण्यापासून सगळ्यात लांबचं केंद्र बावन्न किलोमीटरवर आहे, शेवटचे नऊ किलोमीटर जंगलातून, आणि वाघाच्या भीतीनं दिवस मावळायच्या आत परतावं लागतं. एका फेरीला बारा दिवस लागतात. तू म्हणशील, वेगळी शाखा काढ, तुझी ओसरी वेगळी कर. तेही जिल्ह्याच्या कार्यालयात विचारून झालं. मशीनवर फक्त मूळ ठिकाणाहून आलेला प्रोग्राम बसवायची परवानगी आहे. मी जे करते ते खरं तर नियमात बसत नाही. आतापर्यंत कोणी पाहिलं नाही, एवढंच.

आता ऑगस्टचं सांगते. तुझी नवी आवृत्ती आली, आणि दोनच दिवसांनी आमची तपासणी. मला फक्त दोन गावांना जाता आलं. आमच्या केंद्रावर मी शेवटी जाणार होते, घरचंच म्हणून. जिल्ह्याच्या कार्यालयातले साहेब आले, सोबत चार माणसं. देवकाबाई सकाळीच नवं लुगडं नेसून, एक डबा घेऊन आल्या होत्या. डब्यात पाणी होतं आणि पाण्यात एक बोटभर मासोळी, नोंदवहीत नसलेली. आदल्या दिवशी सापडली होती. ती नोंद त्या साहेबांसमोर करणार होत्या. बटण दाबलं, मेनू आला, त्या खालून गेल्या, मेनू मिटला. पुन्हा मिटला. तिसऱ्यांदा मिटला तेव्हा कोणीतरी हसलं. चौथ्यांदा त्या श्वास रोखून, आडव्या, मी कधीकाळी शिकवलं होतं तशा गेल्या आणि चौथा मेनू उघडला. आणि त्यात ‘नवीन मासा’ नव्हता.

नव्हता म्हणजे, होता. पडद्याच्या खाली गेला होता. मला ते दुपारी कळलं. चौथ्या मेनूत एकोणतीस मासे आणि तिसावी ओळ ‘नवीन मासा’. आतापर्यंत प्रत्येक ओळ अठरा पिक्सेल उंच होती. तीस ओळींचे पाचशे चाळीस. नव्या आवृत्तीत ओळ सव्वीस पिक्सेलची झाली आहे. तीस ओळींचे सातशे ऐंशी. आमचा पडदा सातशे अडुसष्टचा. बारा पिक्सेलसाठी ती ओळ बुडाली, कारण अर्धवट मावणारी ओळ ओसरी दाखवतच नाही. देवकाबाई पडद्यावर बोट ठेवून शोधत राहिल्या, एकोणतीस नावं वाचली, एकेक करून, हळू. साहेब म्हणाले, “यांना तर मेनूच उघडता येत नाही. चंद्रपूरची मुलं ठेवा टायपिंगला, कागद पाठवत जा.” ते काही दुष्ट माणूस नाहीत. त्यांना जे दिसलं ते ते बोलले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बघू म्हणाले. तेव्हाही असंच असेल तर मशीन उचलली जातील आणि काम चंद्रपूरला जाईल. म्हणजे पुन्हा ‘इतर लहान मासे’.

देवकाबाई डबा उचलून गेल्या आणि ती मासोळी त्यांनी तलावात सोडून दिली. त्या नऊ दिवस आल्या नाहीत. दहाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तर अंगणात झिंगे वाळत घालत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मले येत नाई म्हून तुले बोलणी बसून राह्यली. पोरंच ठेव ना बाई. मी काऊन मधात?” मी त्यांना सांगितलं, चूक तुमची नव्हती, मशीनची होती. त्यांनी ऐकून घेतलं. विश्वास ठेवला असं वाटलं नाही. जिला आयुष्यभर सगळे सांगत आले की चूक तुझीच, तिला एका दुपारी काय पटणार.

मी तुझ्यावर चिडले होते, अमर, हे खरं सांगते. सहा वर्षं मी ओळी जाड कर म्हणून विनवत होते, तू ऐकलं नाहीस, आणि आता न विचारता केल्यास, त्याही छोटा पडदा न तपासता. तू! ज्याच्या टेबलावर कोपऱ्यात एक जुना छोटा मॉनिटर फक्त त्यासाठीच ठेवलेला असायचा. बदलांच्या यादीत पाहिलं, अठराचे सव्वीस केल्याचं कारण काय लिहिलं आहे. एकच शब्द होता, “सफाई”. लिस्टवर लोकांनी गोंधळ घातलाच होता, ओळी पूर्वीसारख्या करा म्हणून, आणि तू एकालाही उत्तर दिलं नव्हतंस. मी एक कडक पत्र लिहायला घेतलं होतं.

ते पाठवण्याआधी सप्टेंबरमध्ये चंद्रपूरच्या बसस्टँडवर विनोदभाऊ भेटले. तुझे दादा आता अगदी तुझ्या बाबांसारखे दिसतात. शिफ्टवरून आले होते, डोळ्यांत काजळासारखी धूळ. मी विचारलं, अमर कसा आहे. ते म्हणाले, “तुले नाई सांगितलं त्यानं? डोयाचं आपरेशन झालं, दुसऱ्यांदा. मलेबी नाई सांगितलं. व्हिडिओवर बोलता बोलता एका डोयानं पाहून राह्यला, म्हून इचारलं त चिडला. म्हने, कोनाले सांगू नको.” मग माझ्याकडे पाहून ओशाळले. “आता तुले सांगून बसलो.” माझी गाडी लागली होती. मी चढले.

पोंभुर्ण्यापर्यंत मी खिडकीशी बसून सव्वीसचाच विचार करत होते. माझ्यासाठी नाही, लिस्टवरच्या कोणासाठी नाही, देवकाबाईंसाठी नाही. तुला स्वतःचा मेनू दिसेनासा झाला म्हणून तू ती ओळ जाड केलीस. आणि छोटा मॉनिटर तपासला नाहीस, कारण तो तपासता येत नव्हता. मला ते कडक पत्र फाडावं लागलं नाही. ते आपोआपच संपलं. घरी येऊन मी लिस्टवर लिहिलं की ओळी मागं नेऊ नका, आमच्या केंद्रातल्या बायांना जाड ओळीच लागतात. ते खरं आहे. पुरतं खरं नाही, पण त्यानंतर लोक गप्प बसले. ओळी जाड होण्याचं खरं कारण मी कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तू हे पत्र फाडून टाकलंस तरी सांगणार नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुला वेगळं काही वाटू नये.

देवकाबाईंना मी परत आणलं आहे. मंगली रोज त्यांना घरून घेऊन येते, “चला काकू, तुमच्याशिवाय मले कोनी शिव्या देत नाई,” म्हणते. मी आमच्या केंद्रावर दुरुस्ती पुन्हा बसवली आहे आणि ‘नवीन मासा’ सध्यापुरता यादीच्या वर घेतला आहे, तसंच आणखी तीन गावांतही. उरलेली चार मला डिसेंबरमध्ये करता येतील. पण जानेवारीतली तपासणी पार पडली तरी फेब्रुवारीत तुझी पुढची आवृत्ती येईल आणि सगळं पुन्हा पुसलं जाईल. माझे गुडघे दुखतात. मागच्या फेरीत मी जंगलातल्या रस्त्याच्या कडेला स्कूटी लावून अर्धा तास नुसती बसले होते, वाघाच्या भीतीसकट. उठावंसं वाटत नव्हतं. मला कळलं की आता आणखी एक फेरी माझ्याच्यानं होणार नाही. कोणावर रागावून नव्हे. संपलं, एवढंच.

म्हणून मी तुला दुरुस्ती पाठवण्यासाठी लिहीत नाही. चौथ्यांदा तीच दुरुस्ती मागायला मला लिस्ट पुरली असती. तब्येत विचारण्यासाठीही नाही. ती तू सांगायची नाही असं ठरवलं आहेस. मी मागते आहे तो मेनू. ओसरीतला तेवढाच भाग, साडेतीनशे ओळींची ती एक फाइल. खिडक्या तुझ्या, मांडणी तुझी, नाव तुझं, सगळं तुझ्याकडेच राहू दे. मेनूची किल्ली मला दे. म्हणजे त्यात काय जाईल आणि काय नाही ते मी ठरवेन, आणि जे मी ठरवेन ते नव्या आवृत्तीसोबत सगळीकडे जाईल. ओळी मी सव्वीसवरच ठेवीन, कोणीही काहीही म्हटलं तरी. पडद्यात मावल्या नाहीत तर शेजारी दुसरा रकाना काढीन. देवकाबाईंचा हात जसा चालतो तसा चालू देईन. तू कोणालाही काही दिलेलं मला आठवत नाही, अमर. मोटरसायकलसुद्धा तू विनोदभाऊंना चालवू द्यायचा नाहीस. तू म्हणशील, मी आंधळा झालो नाही अजून. तू म्हणशील, दोन हजार ओळी एकाच माणसाच्या डोक्यात राहिल्या तरच त्या नीट राहतात. किंवा पुन्हा एकच शब्द लिहिशील, आणि तो कोणता ते मला माहीत आहे. तरी डिसेंबर संपायच्या आत, लिस्टवर, सगळ्यांच्या देखत, एवढी एक ओळ लिही: मेनू यापुढे रंजीताकडे.

थकलेली, तरी तुझीच,
रंजीता